दाजींच्या गाडीचं तिसरं पेडल

ज्या काळात जळगावात कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, त्या काळात मी कॉम्प्युटर शिकवायचो. शिकवायचो म्हणजे विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे असायचो, आणि एखादा हुशार मुलगा निघाला की तेवढंही अंतर राहायचं नाही. त्याआधी खालच्या मजल्यावर माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते तसंच ठेवून मी माडीवर क्लास काढला, खिडक्यांना जाड पडदे लावले, एक जुना एसी बसवला आणि रोज सकाळी दोन्ही मशीनना उदबत्ती ओवाळू लागलो. धुळीने कॉम्प्युटर बिघडतो, असं मला शिकवणाऱ्याने बजावलं होतं. उदबत्तीच्या राखेबद्दल तो काही बोलला नव्हता.

आमच्या नानांना, म्हणजे वडलांना, माझ्या विद्येचा फार अभिमान होता. लाइटबिल कॉम्प्युटरवर छापून यायला लागलं तेव्हापासून ते जास्त आलं की नाना माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे, हे कमी करता येईल का पाहा. जगात जिथे जिथे कॉम्प्युटर आहे तिथे तिथे आपल्या मुलाचा हात पोचतो, अशी त्यांची समजूत होती. ती दूर करण्याचा प्रामाणिक प्रयत्न मी कधी केला नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला देवपुरात दिलेली. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. ते बरीच वर्षं आखातात पाइपलाइनच्या कामावर होते. तिथे एका अपघातात त्यांचा डावा पाय कायमचा अधू झाला. पाय दिसायला ठीकठाक होता, पण गुडघ्याखाली त्याने काम सोडून दिलं होतं. पाऊल उचललं जायचं नाही, नुसतं ओढलं जायचं. परत येताना त्यांनी तिकडून मुद्दाम आपल्याकडच्यासारखी उजव्या स्टिअरिंगची एक जपानी गाडी आणली, आपोआप गिअर बदलणारी. तिला क्लच नव्हता. उजव्या पायाने ब्रेक, उजव्याच पायाने ॲक्सिलेटर, डावा पाय बाजूला विश्रांतीला. दाजींनी धुळ्यात ठिबकच्या नळ्यांचा आणि पंपांचा धंदा टाकला होता, आणि साक्रीच्या बाजूला गावोगाव जाऊन शेतं पाहायची तर एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नसे. कोणी हात दिलेला त्यांना खपत नसे. गाडीत बसले की मात्र हा माणूस कोणाचा मिंधा नव्हता. खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवून ते असे चालवायचे की आम्ही धडधाकट मेहुणे हेव्याने पाहत राहायचो.

आता आमच्या घराची रीत सांगायला हवी. जावई म्हणजे देवाच्या खालोखाल, आणि जावयाचं वैगुण्य डोळ्यांना दिसलं तरी तोंडातून निघायचं नाही. आम्ही ते इतक्या निष्ठेने पाळलं की दाजी घरात असताना 'पाय' हा शब्दच बंद झाला. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतात. दाजी आले की आई म्हणायची, "पाणी ठेवलंय." कशाला ते सांगायची नाही. मी एकदा त्यांच्यासमोर बोलण्याच्या ओघात माझा धंद्यात पाय रोवण्याचा विचार आहे असं म्हणालो, तर नानांनी मला आत बोलावून झापलं. दाजीही त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. नाना विचारायचे, "बठ्ठं बरोबर शे ना?" आणि दाजी म्हणायचे, "बठ्ठं बरोबर शे." सगळं बरोबर आहे, एवढं अहिराणीत म्हणून झालं की सगळ्यांना बरं वाटायचं.

अशी ती गाडी एका उन्हाळ्याच्या तोंडावर पारोळ्याच्या अलीकडे बंद पडली. इंजिन चालायचं, चाकं हलायची नाहीत. दाजींना एका ओळखीच्याने धुळ्याला सोडलं आणि मला निरोप आला. मी ट्रॅक्टर घेऊन गेलो, टोचन बांधलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून गाडी जळगावपर्यंत ओढत आणली. रस्त्यात लोक पाहत होते म्हणून मी गिअरचा दांडाही अधूनमधून हलवत होतो. अजिंठा रोडवरच्या गॅरेजमधल्या चाचांनी गिअरबॉक्सचं तेल काढलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. असली गाडी चाकांवर ओढत आणायची नसते, आतल्या प्लेटा जळतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे पारोळ्याला गाडी आजारी होती. तिला मारली ती मी.

तसा गिअरबॉक्स आपल्याकडे मिळण्याची आशा नव्हती. पण त्याच गाडीचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स, क्लचच्या पेडलसकट, मुंबईच्या भंगारबाजारात मिळू शकतो, असं चाचा म्हणाले. लोखंडाचं सगळं काम ते करणार होते. एकच अडचण होती. "इसमें कम्प्युटर है," ते म्हणाले, "वो आप देखो." हे नानांच्या कानावर गेलं आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की आता काळजीच मिटली.

गाडी चालवणार कोण, असं चाचांनी सहज विचारलं होतं. मालक स्वतः, असं मी सांगितलं. हे सांगताना दाजींचा डावा पाय आठवला नाही, असं नाही. पण ज्या शब्दाला घरात मनाई आहे तो गॅरेजमध्ये तरी कसा काढायचा? मी ठरवलं की दाजींनाच फोनवर कल्पना द्यावी, म्हणजे ते आपणहून काय ते बोलतील. एस.टी.डी. बूथवर गेलो.

"गाडी होईल दाजी," मी म्हणालो. "फक्त गिअर हाताने टाकावे लागतील."

"म्हणजे क्लच आला."

"हो. थोडासा."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही पाहताय ना शालकबुवा, मग झालं."

मी हलक्या मनाने बूथबाहेर आलो. त्यांना सांगून झालं होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. थोडासा क्लच म्हणजे काय असतो, हे मला आजतागायत माहीत नाही.

चाचांनी गिअरबॉक्स बसवला आणि माझी पाळी आली. गाडीचा कॉम्प्युटर डाव्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथे गालिच्याखाली होता. मी सवयीने चपला बाहेर काढून गाडीत शिरलो. गॅरेजमधले सगळे काम थांबवून पाहू लागले. गालिचा उचलला तर खाली पत्र्याची एक चपटी डबी, तिच्यावर दाजींच्या गिऱ्हाइकांनी साक्री तालुक्यातून आणलेली सगळी माती, आणि तरीही ती डबी इतकी वर्षं बिनतक्रार चालत आलेली. माझ्या माडीवरच्या एसीचं आणि उदबत्तीचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पहिला प्रश्न असा की किल्ली फिरवली तरी गाडी हूं की चूं करत नव्हती. तारांमागे फिरत फिरत मला कळलं ते असं : आपोआप गिअरच्या गाडीत दांडा 'उभी' किंवा 'मोकळी' या खुणेवर असल्याशिवाय स्टार्टरला करंट मिळतच नाही. चालू गिअरमध्ये ती चुकून सुरू होऊन पळू नये म्हणून जुन्या गिअरबॉक्सवरच एक स्विच असतो. तो स्विच भंगारात गेला होता. मी त्याच्या दोन जाड तारा शोधल्या, सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गॅरेजमध्ये चहा आला. तो स्विच ज्या कारणासाठी होता ते कारण आता उरलं आहे की नाही, याचा विचार चहा पिताना कोणाच्याही मनात आला नाही. चाचा काय, गॅरेजमधले बाकीचे काय, सगळे क्लच दाबूनच किल्ली फिरवणारे. ती त्यांच्या हाडीमाशी मुरलेली सवय.

पुढचं काम जास्त चिवट होतं. कॉम्प्युटरला गिअरबॉक्स सापडत नव्हता. जुन्या गिअरबॉक्सच्या आत विजेवर चालणारे लहान लहान व्हॉल्व्ह असायचे, आणि कॉम्प्युटर त्यांच्या तारांमधून सारखा चाचपून पाहायचा की ते जागेवर आहेत ना. उत्तर आलं नाही की तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा उघडमीट करायचा आणि इंजिनचा जोर काढून घ्यायचा. मेहरूणचा चढसुद्धा गाडी रडतरखडत चढायची. मग मला युक्ती सुचली. टीव्हीच्या दुकानातून मी त्या व्हॉल्व्हइतकाच विरोध करणारे रेझिस्टर आणले आणि एकेका तारेला एकेक जोडला. कॉम्प्युटरने चाचपलं, त्याला काहीतरी लागलं, दिवा विझला. मी लहान रेझिस्टर लावले होते. नशिराबादपर्यंत चक्कर मारून येईतो ते लालबुंद झाले आणि गालिचा जळाल्याचा वास सुटला. मग मोठे लावले, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. दांड्याची खूण सांगणारी तार मी कायमची 'मोकळी' दाखवायला बांधून टाकली. त्यामुळे हमरस्त्यावर गाडी कितीही पळवा, कॉम्प्युटरच्या मते ती अंगणात उभी होती आणि कोणीतरी उगाचच ॲक्सिलेटर देत होतं.

हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. क्लासमध्ये मुलांना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. यंत्राला आपण थाप मारली आणि ती पचली, याचा आनंद काही औरच असतो. नानांनी विचारलं, "बठ्ठं बरोबर शे ना?" मी म्हणालो, कॉम्प्युटरलाही तसंच वाटतंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि सण झाला की जावई न्यायला येतात. दाजी येतील आणि दुरुस्त झालेली गाडी घेऊन दोघं धुळ्याला जातील, असं ठरलं होतं. अक्काने आल्या आल्या गाडी पाहिली. ड्रायव्हरच्या सीटखाली वाकून तिने तीन पेडलं पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला रेझिस्टरची गोष्ट सांगायला लागलो. ती मध्येच उठून आत गेली. मला वाटलं, तिला यातलं फार काही कळलं नाही.

दाजी कसेबसे पायरी चढून एस.टी.ने आले. स्टँडवरून घरापर्यंत रिक्षाने. मांडे झाले, आमरस झाला, आणि उन्हं उतरल्यावर सगळी मंडळी गल्लीत गाडीभोवती जमली. आईने बॉनेटला कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारीपाजारी कठड्यांवर उभे. मी दाजींच्या हातात किल्ली दिली, जणू मंगळसूत्रच देतोय. दाजी बसले, दार लावलं. त्यांनी डाव्या हाताने पँटची घडी धरून आपला डावा गुडघा उचलला आणि पाय क्लचच्या पेडलवर आणून ठेवला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. नाना आभाळाकडे बघून म्हणाले, यंदा पाऊस वेळेवर दिसतो.

गाडी काढून दारासमोर लावली होती ती चाचांनीच, आणि त्यांना ती पहिल्या गिअरमध्ये ठेवून उभी करायची सवय होती. दाजींना उजव्या पायाने ब्रेक दाबून किल्ली फिरवायची सवय होती. त्या दिवशी ब्रेकही नीट दाबला गेला नसावा, कारण त्यांचं सगळं लक्ष डाव्या पायाकडे होतं. तो पेडलवर होता, पण नुसता ठेवलेला. किल्ली फिरली. ज्या दोन तारा मी पिळून ठेवल्या होत्या त्यांनी आपलं काम चोख केलं. गाडीने लिंबू चिरडलं, उडी मारली आणि समोर उभी असलेली माझी स्कूटर भिंतीला चिकटवून थांबली.

कोणाला लागलं नाही. दाजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसले होते. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी खिडकीशी जाऊन स्विच कसा असतो आणि तो का नाही हे समजावून सांगू लागलो. नाना म्हणाले, काही नाही झालं, काही नाही, बठ्ठं बरोबर शे. तेव्हा अक्का पुढे आली.

"त्यासना डावा पाय उठत नही," ती मला म्हणाली, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "हाई तुले माहीत नही का?"

अपघातानंतर इतक्या वर्षांत दाजींच्या पायासाठी तो शब्द आमच्या दारात पहिल्यांदा उच्चारला गेला. मग तिने बाकीचंही सांगितलं. माझा फोन आल्यापासून दाजी रोज संध्याकाळी एका ओळखीच्याच्या उभ्या जीपमध्ये जाऊन बसायचे. हाताने गुडघा उचलून क्लचवर ठेवायचे आणि मांडीवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबून पाहायचे. घरी आले की मांडीवर वळ असायचे. सासरची माणसं एवढी खपताहेत, त्यांना नाही कसं म्हणायचं, असं म्हणायचे. हे ऐकताना मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. ते सोडून मी काय केलं, तर पुन्हा कॉम्प्युटरवर आलो. मी म्हणालो, दाजी, कॉम्प्युटरची यात काही चूक नाही, त्याला अजून वाटतंय की जुना गिअरबॉक्स जागेवरच आहे.

दाजींनी माझ्याकडे मान वळवली. "म्हणजे त्यालाही कोणी खरं सांगितलं नाही," ते म्हणाले.

आणि मग ते हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाठोपाठ चाचा हसले, मग शेजारी, आणि शेवटी कशाला ते न कळता आई. नाना हसले नाहीत. ते खाली बसून चिरडलेलं लिंबू उचलत होते.

त्या दिवशी दोघं धुळ्याला गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का चहा घेऊन माझ्या क्लासच्या खिडकीशी उभी होती. रस्त्यापलीकडे मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि त्यांची ती जुनी गाडी रोज माझ्या डोळ्यांसमोर उभी असायची. त्या गाडीत शिकवणारा डावीकडे बसतो, आणि वेळप्रसंगी गाडी त्याच्या ताब्यात राहावी म्हणून त्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. मी हे वर्षानुवर्षं पाहत होतो.

"समोरनी गाडीमा मास्तरना पायखाले जो क्लच ऱ्हास," अक्का म्हणाली, "तो माले लाई दे."

चाचांनी एक सळई टाकून डाव्या बाजूला क्लच बसवला. त्याच्यासाठी कॉम्प्युटरची डबी थोडी सरकवावी लागली. या वेळी मी माझ्या पिळलेल्या तारा सोडवल्या आणि क्लचच्या पेडलला एक स्विच लावून त्यातून नेल्या. आता पेडल दाबल्याशिवाय किल्ली फिरवूनही गाडी सुरू होणार नव्हती. म्हणजे अक्काशिवाय सुरू होणार नव्हती.

तिने कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. चार-आठ दिवस मेहरूणच्या तलावाकाठी त्या दोघांची शिकवणी चालली. दाजी "हं" म्हणायचे, तिने दाबायचं. ते गिअर टाकायचे, पुन्हा "हं", तिने सोडायचं. ती एकदम सोडायची आणि गाडी ठेचकाळायची. दाजी ओरडायचे, ती त्यांच्यावर ओरडायची. आमच्या घरात जावयावर मुलीने ओरडणं हाही एक नवाच प्रकार होता. चप्पल काढून ठेवली की पेडल नीट कळतं, असं तिला आढळलं, आणि मला उगाचच बरं वाटलं. पुढे "हं" म्हणावंही लागेना. इंजिनचा आवाज बदलला की तिचा पाय आपोआप खाली जायचा. साक्रीकडच्या गावांत लोक म्हणायचे, पंपवाले जोडीने येतात. ती शेतात उतरून बायकांशी बोलायची आणि दाजींचा धंदा पूर्वीपेक्षा वाढला. तरी एक खरं, की ते एकटे कुठे गेले नाहीत. कोपर खिडकीवर टेकवून एकटं जाण्याची ती ऐट संपली, आणि ती मी संपवली. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मला ते चांगलंच माहीत आहे.

गाडी अशी शतकाच्या अगदी शेवटापर्यंत चालली. मग एके दुपारी दाजी एकटेच माझ्या दुकानात आले. एस.टी.ने आले होते. ती पायरी ते कसे चढले असतील, या विचाराने मला त्यांना बसा म्हणायचंही सुचेना. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"तिचा गुडघा दुखतो," ते म्हणाले. "क्लच दाबताना ओठ चावते. मला सांगत नाही."

गाडी विकून टाका, ते म्हणाले. पण तिला कारण कळता कामा नये, नाहीतर ती हट्टाने दाबतच राहील. मग काय सांगू, असं मी विचारलं. "कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांगा," दाजी म्हणाले. "कॉम्प्युटरबद्दल तुमचं कोणीही ऐकतं."

मी धुळ्याला गेलो. चपला बाहेर काढून गाडीत शिरलो, क्लचच्या स्विचची तार उपसली आणि अक्काला हाक मारून दाखवलं की किल्ली फिरवून काही होत नाही. कॉम्प्युटर गेला, म्हणालो, आता याचा भाग मिळत नाही. अक्का अंगणात खुर्ची टाकून बसली होती, एक हात गुडघ्यावर. आत दाजी गिऱ्हाइकाशी मोठ्याने बोलत होते. तिने आवाज खाली आणला.

"बरं व्हयनं," ती म्हणाली. "त्यासले आते झेपत नही. हात थरथरतस गिअर टाकतांना. मी बोलनू नही, तूबी बोलू नको."

तेवढ्यात दाजी दारात आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं. अक्का माझ्याकडे पाहत होती, दाजी माझ्याकडे पाहत होते. उपसलेली तार माझ्या मुठीत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "बठ्ठं बरोबर शे."